न विसळलेल्या कुप्या

नोरीन स्टॅनिफर्थच्या कामात खरा निकाल मनगट फिरवून लागायचा. बोटभर उंचीची काचेची कुपी घ्यायची, झाकण घट्ट लावायचं आणि उलटी धरायची. आतला माल जागचा हलला नाही तर जमलं. ओघळून झाकणात आला तर सगळा दिवस पाण्यात. लाखो पौंडांची यंत्रं त्या प्रयोगशाळेत माना वर करून बसलेली असायची, पण त्यांच्याकडे जाण्याआधी प्रत्येकजण आधी कुपी उलटी करायचा. नोरीनला हे मनापासून आवडायचं. यात इंग्रजी उच्चार कसा आहे आणि बाप काय करत होता याचा प्रश्नच येत नाही.

वर्षभर तिच्या कुप्या जमत होत्या. फेब्रुवारीत त्या ओघळायला लागल्या आणि थांबेचनात.

आता नोरीन कोण, ते सांगायला हवं. शेफील्डमध्ये जन्मली, तिथल्याच हिल्सबरोच्या चढावरच्या घरात वाढली, आणि शाळा सुटली तशी काट्या-चमच्यांना चांदीचा मुलामा देणाऱ्या कारखान्यात चिकटली. चमचे टांगायचे, हौदात बुडवायचे, काढायचे. तिथे ती कामगारांची पुढारी होती. तिला समोरून येताना पाहिलं की मॅनेजर दुसऱ्या जिन्याने जायचे. एकदा मुलाम्यावर डाग पडू लागले म्हणून बाहेरून एक रसायनवाला बोलावला. नोरीनने त्याला विचारलं, या हौदात नेमकं होतं तरी काय? तो हसून म्हणाला, ते तुम्हाला समजावणं जरा अवघड आहे.

बस्स. तेवढ्या वाक्यावर ती संध्याकाळच्या वर्गांना जाऊ लागली. त्याच रागावर पदवी घेतली, आणि चाळिशी उलटल्यावर त्याच रागावर विद्यापीठात संशोधन करायला येऊन बसली. तिच्या शेजारच्या टेबलांवरची पोरं तिच्याहून वीस-वीस वर्षांनी लहान. त्यांना घरातून पुस्तकं मिळाली होती, उन्हाळ्याच्या सुट्ट्या मिळाल्या होत्या. नोरीनला एक अपमान मिळाला होता आणि तिने तो पुरवून पुरवून वापरला.

तिचं काम रेणूंच्या लांब साखळ्यांचं. प्रत्येक साखळीचा एक भाग पाण्यावर जीव टाकणारा आणि दुसरा पाण्याचं तोंड न पाहणारा. अशा असंख्य साखळ्या पाण्यात असल्या की आपोआप गोळा होतात. पाण्याचा तिटकारा असलेले भाग आत तोंड खुपसून बसतात, पाणी आवडणारे बाहेर राहतात. दोन्ही भागांची लांबी कशी ठेवली त्यावर आकार ठरतो. कधी बारीक गोळ्या होतात, कधी लांबलचक गांडुळं. गांडुळं एकमेकांत गुंतली की सगळं पाणी जेलीसारखं घट्ट बसतं. गोळ्या मात्र एकमेकींवरून घरंगळत राहतात आणि पाणी पाणीच राहतं. नोरीनला गांडुळं हवी होती. डोळ्याच्या जखमेवर हलकेच ठेवता येईल अशी जेली बनवायचं तिच्या मनात होतं, कारण कारखान्यात तिच्या मैत्रिणीच्या डोळ्यात आम्ल उडालं होतं ते ती विसरली नव्हती.

साखळी सुरू करायला एक छोटासा रेणू लागतो. तो पुढे साखळीच्या टोकाला कायमचा चिकटून राहतो. हा माल रोरी बनवायचा. रोरी मकॅल्पिन, तांबड्या दाढीचा स्कॉटिश गडी, तिच्या समोरच्याच टेबलावर. त्या टोकाच्या रेणूला एक आम्लाचा तुकडा जोडलेला होता. शेकडो मण्यांची माळ आणि गाठीशी एक वेगळा मणी, इतकंच त्याचं महत्त्व. त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं.

कुप्या ओघळू लागल्यावर नोरीनने पहिला आठवडा पाण्याला शिव्या दिल्या, दुसरा तापमापकाला. मग सोमवारच्या बैठकीत, सगळ्यांदेखत, ती रोरीवर घसरली.

‘‘तुझ्या मालात खोट आहे.’’

‘‘दोनदा शुद्ध केलाय, नोरीन. तपासलाय. आरशासारखा स्वच्छ आहे.’’

‘‘मग त्या आरशात एकदा स्वतःचं तोंड बघ.’’

रोरीचे कान तांबडे झाले, दाढीपेक्षा तांबडे. ईस्टरच्या सुट्टीत तो मित्रांबरोबर स्काय बेटावर डोंगर चढायला जाणार होता. ते रद्द करून त्याने सगळा माल पहिल्यापासून नव्याने बनवला. नोरीनने नव्या मालाची कुपी उलटी केली. ओघळली. ती एवढंच म्हणाली की एकदा हात बिघडला की बिघडला.

त्यांचा प्रमुख ॲलिस्टर पेनी हा भांडणाला भिणारा भला माणूस. नोरीनपेक्षा वयाने लहानच. एरवी ती त्याला ‘अरे ॲलिस्टर’ म्हणायची. राग आला की ‘अहो’वर जायची, आणि मग आजूबाजूचे आपापल्या कामात डोकं घालायचे. ॲलिस्टरने तिला खोलीत बोलावून हळूच आठवण करून दिली की मे महिन्यात तिची मधली परीक्षा आहे. परीक्षकांपुढे जेली मांडता आली तर पुढे डॉक्टरेट. नाहीतर एक धाकटी पदवी हातात देतील आणि हात मिळवतील.

‘‘म्हणजे मी परत चमचे बुडवायला जावं, असं तुमचं म्हणणं,’’ नोरीन म्हणाली.

‘‘मी असं कुठे म्हटलं?’’

‘‘तुम्ही काहीच म्हणत नाही, तोच तर त्रास आहे.’’

ती जिना उतरली. चमच्यांना ती भीत नव्हती. तिला डोळ्यापुढे दिसत होता तो रसायनवाला, ‘सांगितलं होतं ना’ असं हसणारा. तो माणूस तिला ओळखतसुद्धा नसणार, पण डोक्यात बिऱ्हाड करून राहिलेल्यांना तसं सांगून काही उपयोग नसतो.

प्रयोगशाळेत साडेदहाला चहा. कितीही महत्त्वाचं काम हातात असो, साडेदहाला चहाच्या खोलीत नाही आलात तर लोक तुम्हाला आजारी समजतात. तिथली भांडी नोरीन घासायची. कुणी सांगितलं नव्हतं, पण पोरांचं भांडी घासणं तिला पाहवत नसे. तिची पद्धत तिच्या आईची: प्लास्टिकच्या टबात कढत पाणी, मूठभर धुण्याचा सोडा, चहाचे डाग जाईपर्यंत कप घासायचे आणि तसेच उचलून फडक्यावर पालथे घालायचे. कप लख्ख दिसायचे आणि तिला त्याचा अभिमान होता.

त्या दिवशी नेर्गिझने एक कप उचलला, नळाखाली धरला आणि फिरवून फिरवून धुतला. नेर्गिझ परदेशातल्या इझ्मीर शहराची, डॉक्टरेट होऊन इथे कामाला आलेली. ती हे रोजच करायची. नोरीन रोजच बघायची आणि गिळायची. पण त्या दिवशी गिळण्याइतकी जागा आत उरली नव्हती.

‘‘मी आत्ताच धुतलाय तो.’’

‘‘माहितीय.’’

‘‘मग परत का धुतेस? माझ्या हाताचा विटाळ होतो?’’

‘‘धूत नाहीये गं, विसळतेय. तुम्ही लोक फेसासकट पालथं घालता. आमच्याकडे पाहुण्यांपुढे असा कप ठेवला तर ठरलेलं लग्न मोडेल.’’

‘‘फेस आपोआप निथळतो.’’

‘‘पाणी निथळतं, नोरीन. सोडा कुठे जातो?’’

रोरी कोपऱ्यात बिस्किट बुडवत होता. आता वादळ येणार म्हणून त्याने बिस्किट पटकन तोंडात टाकलं. पण वादळ आलं नाही. नोरीनने त्या कपाकडे पाहिलं आणि ती तडक बाहेर पडली. तिचा चहा तसाच राहिला, आणि ही त्या खोलीतली एरवी कधी न घडणारी गोष्ट होती.

कारण कुप्याही तीच धुवायची. या कुप्या म्हणजे खरं तर एकदा वापरून फेकायची वस्तू. सगळे फेकायचे. नोरीनला चांगली काच फेकवत नसे; तिच्या घरात जॅमच्या बरण्यांना तीन-तीन जन्म मिळायचे. आधी तळघरात तीव्र अल्कलीचा हौद होता, त्यात काच मुरत ठेवायची आणि मग दोन वेळा शुद्ध पाण्याने धुवायची, असा तिथला नियमच होता. जानेवारीच्या शेवटी सुरक्षेवाल्यांनी हौद धोक्याचा म्हणून काढला. मग नोरीनने टब आणला, सोडा आणला आणि आपल्या कुप्या आईच्या पद्धतीने धुऊन फडक्यावर ओळीने पालथ्या घातल्या. हौदाबरोबर हौदाचा नियमही गेला.

तिने एक धुतलेली कुपी खिडकीशी धरली. तळाशी, नीट बघितलं तरच दिसेल असं, पिठाच्या बोटासारखं पांढरं. तिने आत थोडं शुद्ध पाणी घातलं, हलवलं आणि लिटमसची पट्टी बुडवली. पट्टी निळी झाली, म्हणजे सोडा आतच राहिला होता.

तिच्या पिशवीत आदल्या दुपारच्या चिप्सबरोबरची व्हिनेगरची पुडी होती; आंबट, म्हणजे सोड्यावर उतारा. प्रयोगशाळेत खाण्याची वस्तू आणायची नाही, हा नियम मोडल्याबद्दल नोरीनने आजवर निम्म्या लोकांना फैलावर घेतलं होतं. तिने दाराकडे पाहिलं, पुडी दाताने फोडली, आणि ओघळणाऱ्या कुपीत थेंब-थेंब टाकलं. हलवलं. ठेवलं. तिकडे तिचा चहा गार होत होता तेवढ्या वेळात इकडे कुपीतलं पाणी जडावत गेलं. तिने कुपी उलटी केली.

हललं नाही. कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा, ढिम्म हललं नाही.

ती एकटीच हसली, जोरात. मग तिला रोरी आठवला आणि हसू अर्ध्यात अडकलं.

खरं तर गुपचूप सुटता आलं असतं. कुप्या विसळायच्या, जेली दाखवायची, पास व्हायचं. कुणाला पत्ता लागला नसता. रोरीचा माल अचानक सुधारला असं सगळ्यांनी मानलं असतं, त्याने स्वतःसुद्धा. हे सगळं तिच्या मनात येऊन गेलं आणि पुन्हा पुन्हा आलं. ती काही देवता नव्हती. पण तिला आता एक किडा लागला होता. इतक्याशा सोड्याने गांडुळांच्या गोळ्या कशा झाल्या? साखळीत सोड्याशी बोलणारं होतं काय? फक्त तो टोकाचा मणी. आम्लाचा तुकडा आंबट पाण्यात गप्प बसतो. सोड्याच्या पाण्यात आपला हायड्रोजन सोडून देतो आणि त्याच्यावर ऋण विद्युतभार येतो. एका टोकावर एक भार. तेवढ्याने अख्खी माळ वेगळी वागते? वागत असेल, तर ते सिद्ध करायला असा माल हवा ज्यात तो मणी झाकून टाकलेला असेल. आणि असा माल इमारतीत एकच माणूस बनवू शकत होता.

दोन दिवस ती रोरीच्या टेबलावरून मागेपुढे गेली. बसमध्ये भाषणं तयार केली, त्यातल्या प्रत्येक भाषणात शेवटी थोडी चूक रोरीचीच निघायची. तिसऱ्या दिवशी भाषण घरीच राहिलं.

‘‘तुझा माल चांगला होता,’’ ती म्हणाली.

‘‘कुठला?’’

‘‘सगळा.’’

रोरीने हातातला चंबू खाली ठेवला. ‘‘परत म्हण.’’

‘‘एकदाच मिळेल.’’

‘‘मग काय होतं?’’

‘‘माझं भांडी घासणं.’’

तिने सगळं सांगितलं, सोड्यापासून व्हिनेगरपर्यंत. रोरी आधी पोट धरून हसला. मग हसू ओसरलं आणि तो खिडकीबाहेर बघू लागला.

‘‘ईस्टरला स्कायवर ऊन पडलं होतं, नोरीन. चार दिवस. लोक म्हातारे होतात तिथे ऊन बघायला. पोरांनी फोटो पाठवले.’’

  नोरीन म्हणाली, ‘‘बोल मला काय बोलायचं ते.’’

‘‘नको. तुला भांडण दिलं की तुला बरं वाटतं. काय हवंय ते सांग.’’

‘‘टोक झाकलेला माल.’’

‘‘बनवतो. पण आजपासून माझा कप तू विसळायचा. माझ्यासमोर. नळाखाली.’’

‘‘किती दिवस?’’

‘‘ते मी बघेन.’’

परीक्षेच्या दिवशी नोरीनने कारखान्यातल्या निरोपसमारंभाला घातलेला निळा कोट घातला. परीक्षक होत्या डॉ. विनिफ्रेड क्रॅबट्री. सरळ पाठीच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या, आणि पोरांच्या म्हणण्याप्रमाणे घरच्या मांजरालाही पुरावा मागणाऱ्या. ॲलिस्टर कोपऱ्यात बसला होता. त्याला बोलायची परवानगी नव्हती आणि तो त्यामुळे सुखात दिसत होता.

नोरीनने जेलीची कुपी उलटी करून दाखवली. मग सोड्याचे थेंब घातले. बोलता बोलता जेली सैल झाली आणि धार लागली.

‘‘सोड्याने साखळ्याच तोडल्या असतील,’’ क्रॅबट्री म्हणाल्या.

‘‘मग या परत जुळायला नकोत,’’ नोरीन म्हणाली आणि आम्ल घातलं. कुपी बाजूला ठेवून तिने दुसरी घेतली, टोक झाकलेल्या मालाची. तिच्यात सोडा घातला तरी जेली मख्ख बसून राहिली. मग तिसरी, साध्याच मालाची, पण आत मीठ. सोडा घातला, हिलाही काही झालं नाही. तोवर पहिली कुपी पुन्हा घट्ट झाली होती. नोरीनने ती उलटी करून क्रॅबट्रींच्या नाकासमोर धरली, गरजेपेक्षा जरा जास्तच जवळ.

‘‘शेकडो मण्यांत एक मणी,’’ क्रॅबट्री म्हणाल्या. ‘‘तो सगळ्यांना कसा नाचवेल? समजावून सांगा.’’

समजावून सांगा. नोरीनला क्षणभर हौदाचा वास आला.

‘‘बसची रांग धरा,’’ ती म्हणाली. ‘‘भिंतीला पाठ लावून, अंगाला अंग चिकटवून माणसं उभी आहेत. सगळ्यांनी एकदम छत्र्या उघडल्या. माणसं तीच, पाय तेवढेच, पण बाहेरच्या अंगाला आता जास्त जागा लागते. सरळ रांग टिकत नाही. मग लोक पाठीला पाठ लावून छोटी छोटी कडी करतात, म्हणजे छत्र्यांना चहूबाजूंनी मोकळं मिळतं. तो मणी म्हणजे छत्री. आंबटात मिटलेली, सोड्यात उघडलेली. सारख्या भाराची टोकं एकमेकांना ढकलतात, रांग फुटते, गांडुळांच्या गोळ्या होतात.’’

‘‘आणि मीठ?’’

‘‘मिठातले उलट भाराचे कण मध्ये जाऊन उभे राहतात, भांडण सोडवायला जातात तसे. छत्र्या उघड्याच असतात, पण एकमेकींना टोचत नाहीत. रांग टिकते.’’

क्रॅबट्रींनी चष्मा काढला. ‘‘टोकाच्या मण्याकडे बघावं, हे सुचलं कसं तुम्हाला?’’

ॲलिस्टरने मान वर केली. इथे एखादं चांगलंसं वाक्य टाकता आलं असतं. वाचनातून आलं, विचार करता करता आलं, असं काहीही. तसली वाक्यं बोलायला नोरीन आता शिकली होती.

‘‘सुचलं नाही,’’ ती म्हणाली. ‘‘मी भांडी विसळत नाही. सोड्यातून काढते आणि पालथी घालते. कुप्याही तशाच घातल्या. वर खापर फोडलं रोरी मकॅल्पिनवर, ज्याने हा टोक झाकलेला माल नंतर मला बनवून दिला. नेर्गिझ तिचा कप माझ्या पाठोपाठ विसळते, तिच्यावरून मला कळलं. आमच्या घरात कुणीच विसळत नाही.’’

 ॲलिस्टर छताकडे बघू लागला.

‘‘आमच्याही,’’ डॉ. क्रॅबट्री म्हणाल्या, आणि चष्मा पुन्हा घालून पुढचा प्रश्न विचारला. तो कठीण होता. त्याच्या पुढचा आणखी कठीण. नोरीनला दोन आले, एक आला नाही, आणि जो आला नाही तो येत नाही असं तिने सांगितलं. मग तिला बाहेर थांबायला सांगितलं.

बाहेर थांबणं तिला कधी जमलं नव्हतं, म्हणून ती चहाच्या खोलीत गेली. नेर्गिझ आणि रोरी तिथेच होते.  नोरीनने रोरीचा कप टबातून काढला आणि नळाखाली धरला. पाणी कोटाच्या बाहीवर उडालं.

ॲलिस्टर दारात आला. धावत आला असावा.

‘‘डॉक्टरेट,’’ तो म्हणाला. ‘‘पुढे चालू. आणि क्रॅबट्री म्हणाल्या, हे लिहून काढा, तुम्हा तिघांच्या नावाने. कुप्या कशा धुतल्या तेही लिहा.’’

नेर्गिझने नोरीनला मिठी मारली. नोरीनने तिच्या खांद्यावर डोळे पुसले आणि सोडा डोळ्यात गेला म्हणाली. ‘‘धन्यवाद, ॲलिस्टर,’’ ती म्हणाली, ‘अहो’ न लावता.

रोरी उठला. त्याने आपला कप उचलला, उजेडाकडे धरला, आणि प्रयोगशाळेतला माणूस धरतो तसा सावकाश उलटा केला. तळाकडून एक थेंब निघाला, काठाशी आला आणि टपकन जमिनीवर पडला.

‘‘ओघळला,’’ रोरी म्हणाला. ‘‘परत.’’

नोरीनने त्याला एक ठेवणीतली शिवी दिली, कप घेतला आणि नळ सोडला.